किटी वेल्सचा सरळ सूर

मागच्या पावसाळ्यातली एक रविवारची दुपार. मी १९५० च्या दशकातली अमेरिकी कंट्री गाणी लावून बसलो होतो आणि शेजारच्या खोलीत आत्या कापसाच्या वाती वळत होती. आत्याला इंग्रजी येत नाही, पण कीर्तने, भजने आणि नाट्यगीते ऐकण्यात तिचे आयुष्य गेलेले असल्यामुळे चाल आणि आवाज यांविषयीचे तिचे कान तिखट आहेत. एक गाणे संपल्यावर तिने आतूनच विचारले, "ही बाई त्यांच्या देवळात गातेय का रे?" मी हसून सांगितले की नाही, हे दारूच्या गुत्त्यातले गाणे आहे, आणि गुत्त्यात जाऊन बसलेल्या बाईच्या तोंडी ते घातलेले आहे. आत्याला ते पटले नाही. "मग दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन उभी असल्यासारखी का गातेय ती?" एवढे बोलून ती पुन्हा वातींकडे वळली. मला मात्र पुढची गाणी नीट ऐकता आली नाहीत. ते गाणे होते किटी वेल्सचे, १९५२ सालचे, 'इट वॉजन्ट गॉड हू मेड हॉन्की टॉन्क एंजल्स', म्हणजे गुत्त्यातल्या अप्सरा देवाने घडवल्या नाहीत. अनेकदा ऐकलेल्या त्या गाण्याविषयी एक शब्दही न कळता आत्याने जे विचारले होते, ते मला स्वतःला कधी सुचले नव्हते.

त्या प्रश्नाच्या मागे लागल्यावर पहिली गोष्ट हाती आली ती अशी की चालीबद्दल आत्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. ही चाल मुळात गुत्त्याची नाही. कार्टर फॅमिली या गाणाऱ्या कुटुंबाने १९२९ साली ती एका विरहगीतासाठी वापरली होती. पुढे १९३६ साली रॉय एकफ या गायकाने याच चालीवर 'द ग्रेट स्पेकल्ड बर्ड' हे धार्मिक गीत ध्वनिमुद्रित केले. बायबलमधल्या यिर्मयाच्या ग्रंथात उल्लेख असलेला ठिपकेदार पक्षी म्हणजे चहूबाजूंनी छळली जाणारी चर्च, असे रूपक त्या गीतात आहे, आणि त्या गीतानेच एकफला अमेरिकेच्या दक्षिणेतल्या घराघरांत नेले. १९५२ साली हँक थॉम्प्सन या टेक्ससच्या गायकाने त्याच चालीवर 'द वाइल्ड साइड ऑफ लाइफ' गायले आणि ते कंट्री संगीताच्या यादीत तब्बल १५ आठवडे पहिल्या स्थानावर राहिले. त्यातला पुरुष आपल्याला सोडून गुत्त्यांच्या झगमगाटात रमलेल्या बायकोला दूषणे देतो, आणि गुत्त्यातल्या या अप्सरा देवाने घडवल्या असतील हे आपल्याला ठाऊक नव्हते, असे खेदाने म्हणतो. किटीचे गाणे हे त्याला दिलेले उत्तर होते. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्यात एका फडाने टाकलेला सवाल दुसऱ्या फडाने उचलावा तसा हा प्रकार त्या काळच्या कंट्री संगीतात रूढ होता, आणि उत्तर शक्यतो त्याच चालीत देत असत. म्हणजे थॉम्प्सनला उत्तर देण्याच्या निमित्ताने चर्चमध्ये वाढलेल्या एका बाईच्या गळ्यात प्रार्थनागीताची चाल परत आली.

हॉन्की-टॉन्क म्हणजे कोणते ठिकाण, हे समजल्याशिवाय या उत्तराचे वजन कळत नाही. १९३३ साली अमेरिकेतली दारूबंदी उठली, तरी दक्षिणेतल्या अनेक काउंट्यांनी, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांनी, ती आपल्यापुरती चालू ठेवली. त्यामुळे टेक्ससमध्ये तेलविहिरींच्या आसपास आणि काउंटीची हद्द संपते तिथे, हमरस्त्याला लागून, लाकडी फळ्यांचे आणि पत्र्याचे गुत्ते उभे राहिले. दिवसभर तेलाने माखलेले कामगार, ट्रकवाले आणि शेतावरून शहराकडे निघालेली तरुण पोरे संध्याकाळी तिथे जमत. जमिनीवर लाकडाचा भुसा, हवेत बिअरचा आणि तंबाखूचा दर्प, आणि कोपऱ्यात नाणे टाकले की वाजणारा ज्यूकबॉक्स. त्या गोंगाटात घरच्या ओसरीवर वाजवायचे गिटार आणि फिडल ऐकू येईना. अर्नेस्ट टब या गायकाला तर ज्यूकबॉक्सच्या एका धंदेवाल्यानेच सांगितले होते की संध्याकाळी गर्दी झाली की तुझ्या रेकॉर्डी ऐकू येत नाहीत, आणि म्हणून त्याने १९४१ साली 'वॉकिंग द फ्लोअर ओव्हर यू' मध्ये विजेवरचे गिटार घेतले. या संगीताचा नाद असा त्या जागेच्या गरजेतून घडत गेला. ठेका ठळक झाला, स्टील गिटारचा ताणलेला, हुंदक्यासारखा स्वर पुढे आला आणि गाण्यांचे विषयही बदलले. आईची आठवण, डोंगरातले घर, परलोकातले भेटीचे आश्वासन हे विषय मागे पडून फसवणूक, घटस्फोट, दारू आणि रात्रीचा एकटेपणा यांविषयी ही गाणी बोलू लागली. महायुद्धाच्या काळात कारखान्यांत आलेल्या असंख्य स्त्रियांना युद्ध संपताच घरी धाडण्यात आले होते, आणि १९४६ साली अमेरिकेतल्या घटस्फोटांनी तोवरचा उच्चांक गाठला होता. मोडलेल्या संसारांची गाणी तर चहूकडे वाजत होती, पण ती जवळजवळ सगळी पुरुषांच्या तोंडची होती.

किटी वेल्सच्या स्वतःच्या आयुष्यात मात्र हॉन्की-टॉन्कला फारशी जागा नव्हती. तिचे खरे नाव एलेन म्यूरिएल डीझन. तिचा जन्म ३० ऑगस्ट १९१९ रोजी नॅशव्हिलमध्ये झाला, म्हणजे पुढे जे शहर कंट्री संगीताची राजधानी ठरले तिथलीच ती, आणि तरीही मोठी गायिका होण्यासाठी तिला बाहेरून फिरून यावे लागले. वडील रेल्वेत ब्रेकमन, म्हणजे गाडीचे ब्रेक सांभाळणारे कामगार, होते आणि घरी गिटार वाजवत. आई धर्मगीते गात असे. महामंदीच्या काळात तिने शाळा सोडली आणि शर्टांच्या कारखान्यात इस्त्री करण्याचे काम धरले. बहिणींबरोबर तिने स्थानिक रेडिओवर गायला सुरुवात केली होती, आणि १९३७ साली, अठराव्या वर्षी, तिचे जॉनी राइटशी लग्न झाले. जॉनीही गाणारा, पण लाकडी कपाटांच्या कारखान्यात काम करून पोट भरणारा होता. पुढे जॉनी आणि जॅक अँग्लिन यांची जोडी जमली आणि 'जॉनी अँड जॅक' या नावाने ते एका रेडिओ केंद्रावरून दुसऱ्या केंद्राकडे, एका गावाहून दुसऱ्या गावाला हिंडू लागले. मागच्या सीटवर मुले, टपावर वाद्ये, आणि कार्यक्रमात मधेच दोन-तीन गाण्यांपुरती किटी. 'किटी वेल्स' हे नावही जॉनीने १९४३ साली एका जुन्या लोकगीतातून उचलून तिला दिले. १९४८ नंतर लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टच्या 'लुइझियाना हेराइड' या रेडिओ कार्यक्रमात त्यांचा जम बसला. तिथल्या केंद्रावर ती रेकॉर्डी वाजवत असे आणि गोधडीसाठी लागणारे कापडाचे तुकडेही विकत असे. १९४९ साली आर. सी. ए. व्हिक्टर कंपनीने तिची काही गाणी ध्वनिमुद्रित केली. ती बरीचशी धार्मिक वळणाची होती, ती खपली नाहीत, आणि कंपनीने तिचा नाद सोडला.

त्यानंतर तिने गाणे जवळजवळ आवरते घेतले होते. ती बत्तीस वर्षांची होती, पदरात तीन मुले होती, आणि नवऱ्याच्या जोडीला ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या प्रतिष्ठित रेडिओ कार्यक्रमात स्थान मिळाल्यामुळे कुटुंब नॅशव्हिलला परतले होते. अशा वेळी डेक्का या रेकॉर्ड कंपनीचे पॉल कोहेन यांनी जॉनीमार्फत ते गाणे तिच्यापुढे ठेवले. तिला ते विशेष भावले नव्हते. एका ध्वनिमुद्रणाचे कलावंतांच्या संघटनेच्या दराने १२५ डॉलर मिळतात, ते घरात कामाला येतील, एवढ्याच विचाराने आपण हो म्हटले, असे तिने पुढे अनेकदा सांगितले. ३ मे १९५२ रोजी ट्युलेन हॉटेलमधल्या कॅसल स्टुडिओत, ओवेन ब्रॅडली यांच्या देखरेखीखाली, आपल्याच फिरत्या संचातल्या वादकांना सोबत घेऊन तिने ते गायले.

काही महिन्यांतच ते गाणे कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या स्थानावर पोचले आणि सहा आठवडे तिथे राहिले.

एकट्या गायिकेचे गाणे त्या यादीत पहिल्या स्थानावर जाण्याची ही पहिलीच वेळ होती. गाण्याची मांडणी मला फार शहाणपणाची वाटते. यातली बाई गुत्त्यात ज्यूकबॉक्सपाशी बसली आहे आणि त्या ज्यूकबॉक्सवर थॉम्प्सनचेच गाणे वाजते आहे. ज्या यंत्रातून तिच्यावर दोषारोप होतो आहे त्याच यंत्राला पाठ टेकून ती उत्तर देते. उत्तरही साधे आहे. लग्न झालेले पुरुष आपण अजून सडेच आहोत असे समजून वागतात, त्यातून कित्येक भल्या मुली वाया जातात, आणि याचा दोष देवाच्या माथी मारणे बरोबर नाही. यात कुठे शिवी नाही, धमकी नाही, सूडाची भाषा नाही. तरीही एन. बी. सी. या रेडिओ जाळ्याने हे गाणे सूचक म्हणून प्रसारणातून वगळले, आणि ऑप्रीच्या मंचावरही सुरुवातीला ते गाण्याची तिला मुभा नव्हती. थॉम्प्सनच्या गाण्यावर अशी हरकत घेतली गेल्याचे कुठे वाचनात येत नाही. गुत्ता तोच, अप्सरा त्याच, चाल तीच. फरक इतकाच की या वेळी बोट पुरुषाकडे होते. लोकांनी मात्र रेकॉर्ड घेणे थांबवले नाही. शेवटी ऑप्रीला नमते घ्यावे लागले आणि त्याच वर्षी किटी ऑप्रीची सदस्य झाली. ऑप्रीचे तेव्हाचे घर म्हणजे रायमन सभागृह. १८९२ साली धर्मप्रवचनांसाठी बांधलेल्या त्या इमारतीत प्रेक्षक चर्चच्या बाकांवर बसूनच गाणी ऐकत. आत्याचा प्रश्न मला तिथे पुन्हा आठवला.

आता त्या पदराविषयी. या कथेत मला मनापासून आनंद देणारे जेवढे आहे, जवळपास तेवढेच टोचणारेही आहे. किटी मंचावर यायची ती चौकड्यांच्या सुती कापडाच्या, गळ्यापर्यंत बंद, पायघोळ झग्यात. ती फार बोलायची नाही, हातवारे करायची नाही, माइकसमोर सरळ उभी राहून गाणे म्हणायची आणि बाजूला व्हायची. शेजारी नवरा, पुढे पुढे मुलेही त्याच मंचावर. तिच्याविषयीच्या त्या काळच्या लिखाणात उत्तम पत्नी, उत्तम आई, उत्तम स्वयंपाक करणारी हे उल्लेख गाण्याच्या बरोबरीने येतात, आणि पुढे तिच्या नावाने पाककृतींची पुस्तकेही निघाली. मला वाटते की हे गाणे समाजाने तिच्याकडून स्वीकारले ते ती त्या गाण्यातली बाई नव्हती म्हणूनच. खरोखर गुत्त्यात बसणाऱ्या एखाद्या बाईने हेच शब्द म्हटले असते तर तिचे कोणी ऐकले असते का, या शंकेने मी अस्वस्थ होतो. बिघडलेल्या म्हणून हिणवल्या गेलेल्या बायकांची बाजू मांडण्यासाठी न बिघडलेल्या बाईचीच साक्ष ग्राह्य धरली गेली. हा अन्याय किटीने केलेला नाही. पण तिच्या यशाला त्याचा आधार होता हे नाकारून तिचे कौतुक करणे मला जमत नाही.

गाणे लिहिणाऱ्याविषयी वाचले तेव्हा तर ही अस्वस्थता आणखी वाढली. ते लिहिले लुइझियानातल्या क्राउली गावच्या जे. डी. मिलर यांनी. स्त्रीच्या तोंडचे ते तक्रारगीत पुरुषाने लिहिलेले आहे, याचे मला फारसे वावगे वाटत नाही. आपल्या शाहिरांनी तेच केले. पण हेच मिलर आपल्या स्टुडिओत लाइटनिन स्लिम, स्लिम हार्पो, लेझी लेस्टर अशा कृष्णवर्णीय ब्लूज कलावंतांच्या अप्रतिम रेकॉर्डी घडवत होते आणि १९६० च्या दशकात त्यांनीच वर्णविद्वेषाला खतपाणी घालणाऱ्या गाण्यांच्या रेकॉर्डी काढून विकल्या. ज्या माणसाला एका बाजूने अन्याय इतका स्वच्छ दिसला, त्याला दुसरीकडचा अन्याय विकण्याचा माल वाटला. हे समजल्यापासून ते गाणे ऐकताना मिलरचा विचार मनातून पूर्णपणे जात नाही. तरी मी ते गाणे टाकून दिलेले नाही, कारण स्टुडिओत उभी राहून किटीने त्या शब्दांचे जे केले ते मिलरच्या कागदावर नव्हते.

ते काय केले, हे सांगणे अवघड आहे, कारण तिच्या गायकीत दाखवण्यासारखे फार थोडे आहे. हँक विल्यम्सचा आवाज शब्दाच्या मधोमध चिरकतो, लेफ्टी फ्रिझेल एकेक स्वर वाकवत, लोळवत नेतो, जॉर्ज जोन्स दात आवळून सूर दाबतो आणि मग सोडतो. किटी यातले काही करत नाही. तिचा आवाज पातळ आहे, थोडा नाकातला आहे, सुरावर अचूक उतरतो आणि तिथेच थांबतो. ओळीच्या शेवटी तो किंचित थरथरतो, पण तो थरथराट डोंगराळ भागातल्या चर्चमधल्या समूहगायनातून आलेला आहे. रडण्याचा आव त्यात नाही. एखादी बाई पंचांसमोर उभी राहून घडले तेवढे सांगते आणि ऐकणाऱ्याच्या दयेची अपेक्षा करत नाही, तशी ती शब्द उच्चारते. १९५५ सालचे 'मेकिंग बिलीव्ह' ऐकावे. गेलेला माणूस अजून आपलाच आहे असे स्वतःला समजावत जगणाऱ्या बाईचे ते गाणे आहे, आणि कोणत्याही गायिकेला त्यात ऊर बडवून घेण्याचा मोह व्हावा. किटी तो होऊ देत नाही. मागे स्टील गिटार जे काही रडायचे ते रडून घेते, आणि तिचा सूर सरळ पुढे जातो. दुःख तिला ठाऊक आहे, पण ते मांडून दाखवण्यात तिला कमीपणा वाटतो, असे मला ते ऐकताना वाटते. आणि इथे तो अंगभर पदर मला बंधनासारखा न वाटता तिच्या ताकदीचा भाग वाटू लागतो. या दोन वाटण्यांचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

तिच्या यशानंतरही धंद्यातल्या जाणत्यांचा विश्वास बसायला वेळ लागला. बाईला मुख्य कलावंत करून दौरा काढू नकोस, लोक बाईचे नाव वाचून तिकिटे घेत नाहीत, असा सल्ला रॉय एकफने जॉनीला दिला होता, ही हकिगत नॅशव्हिलमध्ये सर्वश्रुत आहे. ज्या चालीने एकफला मोठे केले त्याच चालीने किटीलाही वर आणले होते, तरी त्याला असे वाटावे, यावरून ती समजूत किती खोल रुजलेली होती ते दिसते. जॉनीने तो सल्ला मानला नाही, आणि त्याचे हे श्रेय त्याला दिले पाहिजे. तो स्वतः नाव असलेला गायक होता, जॅकबरोबरची त्याची गाणी चालत होती, आणि तरीही आपल्या बायकोचे नाव फलकावर वर असण्यात त्याला अडचण वाटली नाही. 'कंट्री संगीताची राणी' ही पदवी किटीला मिळाली ती याच काळात. रेड फोलीबरोबरचे १९५४ सालचे तिचे युगुलगीत आणि १९६१ सालचे 'हार्टब्रेक यू. एस. ए.' ही दोन्ही पहिल्या स्थानावर गेली. १९६३ च्या मार्चमध्ये पॅट्सी क्लाइन ही गायिका विमान अपघातात गेली, आणि तिच्या शोकप्रार्थनेला निघालेला जॅक अँग्लिन मोटार अपघातात गेला. जॉनी आणि किटी त्यानंतरही थांबले नाहीत. मुलांना घेऊन 'फॅमिली शो' म्हणून गावोगावच्या शाळांच्या सभागृहांत, जत्रांत, छोट्या नाट्यगृहांत ते गात राहिले. १९७६ साली कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये तिचा समावेश झाला आणि १९९१ साली तिला ग्रॅमीचा जीवनगौरव पुरस्कार मिळाला. तिने आणि जॉनीने जाहीर कार्यक्रमांचा निरोप घेतला तो ३१ डिसेंबर २००० रोजी, नॅशव्हिलमध्येच. जॉनी २०११ च्या सप्टेंबरमध्ये गेला आणि किटी १६ जुलै २०१२ रोजी, ९२ व्या वर्षी.

तिच्या मागून आलेल्यांमध्ये लोरेटा लिन मला सर्वांत जवळची वाटते. केंटकीतल्या कोळसा खाणकामगाराची ही मुलगी किटीला आपला आदर्श मानत असे, पण तिने किटीचा संयम उचलला नाही. ती स्वतःची गाणी स्वतः लिहायची, दारू पिऊन घरी येणाऱ्या नवऱ्याला गाण्यातून दम भरायची, आणि १९७५ साली तिचे गर्भनिरोधक गोळीवरचे गाणे आले तेव्हा कित्येक रेडिओ केंद्रांनी ते वाजवायचे नाकारले. तेवीस वर्षांत हरकती फारशा बदललेल्या नव्हत्या. बदल झाला होता तो गाणाऱ्या बाईत. लोरेटाला आपण त्या गाण्यातली बाई नाही असे कोणाला पटवून द्यावे लागत नव्हते, आणि तिला तशी इच्छाही नव्हती. १९९३ साली डॉली पार्टन, लोरेटा आणि टॅमी वायनेट या तिघींनी मिळून एक अल्बम केला, तेव्हा त्याच्या सुरुवातीला किटीला बोलावून घेऊन तिचे ते १९५२ चे गाणे चौघींनी मिळून गायले. तिघींचे आवाज तिच्यापेक्षा मोठे, रंगीत, मुरक्या घेणारे आहेत आणि तोवर त्यांची कीर्तीही तिच्यापेक्षा कितीतरी अधिक पसरलेली होती. किटी चौऱ्याहत्तरीला टेकलेली होती. मी ते ध्वनिमुद्रण पूर्वी केवळ एक सन्मानाचा उपचार म्हणून ऐकत असे. अलीकडे ते लावतो तेव्हा त्या तिघींच्या सुरांतून तिचा सूर वेगळा काढून ऐकण्याचा प्रयत्न करतो, आणि तो लगेच सापडतो, कारण चौघींमध्ये तोच एकटा कुठेही न वळता गाण्याच्या शेवटापर्यंत जातो.